पोर्ट एरिन ते पील: निघण्याआधी

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रातल्या आइल ऑफ मॅन या बेटाला वळसा घालणारी ‘राड नी फॉयलन’, म्हणजे कुरवांची वाट, सुमारे 160 किलोमीटरची आहे. त्यातला पोर्ट एरिन ते पील हा टप्पा जेमतेम 22 किलोमीटरचा, पण आकड्यावर जाऊ नका. सह्याद्रीत एकदा गड चढला की चढ संपतो. इथे ब्रॅडा हिल चढून फ्लेशविकला पुन्हा समुद्राशी यायचं, तिथून क्रॉंक नी आरी लाच्या 437 मीटरवर जायचं आणि मिळवलेली सगळी उंची नायर्बिलच्या किनाऱ्यावर परत घालवायची.

तासाला 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा, या हिशेबाने सहा तास होतात. दहा-बारा जण असतील तर आठ धरा. डिसेंबरात चारलाच अंधारतं, तेव्हा हा बेत मे ते सप्टेंबरमध्येच ठेवा.

वाट कुठे सोडायची हे आदल्या रात्रीच ठरवून घ्या. स्लॉकजवळ गाडीरस्ता येतो, पुढे नायर्बिलहून डाल्बी जवळ आहे, मग ग्लेन मे. नऊला निघून साडेबारापर्यंत स्लॉक गाठला नाही, तर मागे पडणाऱ्यांनी तिथेच थांबावं. टॅक्सीचा नंबर दोघांकडे हवा. बस मोजक्या असतात आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं.

बुटांकडे नीट बघा. चार-पाच वर्षं माळ्यावर पडलेल्या बुटांचा सोल वाटेत सुटतो, कारण तळातला फोम आतून भुगा झालेला असतो. टाचेशी अंगठ्याने दाबून सोल वाकवा. भेग दिसली तर ते बूट घरी ठेवा. उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात, म्हणून फ्लेशविकच्या आधी घोट्याशी लेस पुन्हा आवळा.

जीन्स नको, भिजली की वाळत नाही. छत्री आणि पॉंचो वाऱ्यापुढे निकामी. टोपीचं रेनजॅकेटच घ्या. माणशी दोन लिटर पाणी भरून निघा, वरचे ओहोळ मेंढ्यांच्या कुरणातून येतात. दशम्या, चिक्की, खजूर असं चालता चालता खाता येणारं बरं.

धुकं उतरलं की सागरदेव मॅनॅननने पांघरूण ओढलं, असं तिथले लोक म्हणतात. तेव्हा निळ्यावरच्या पांढऱ्या कुरवाच्या पाट्या दिसत नाहीत. ऑर्डनन्स सर्व्हेचा लॅंडरेंजर 95 नकाशा आणि होकायंत्र लागतं. नेच्यांच्या दाटीत कड्याची धार झाकली जाते, म्हणून कडेने चालू नका. प्रथमोपचाराची पिशवी शेवटच्या माणसाकडे द्या. जो लंगडतो तो मागेच असतो.

बेट युनायटेड किंग्डममध्ये मोडत नाही, त्यामुळे तिकडच्या सिमलाही रोमिंग लागू शकतं. आधी विचारा आणि नकाशा डाउनलोड करून ठेवा. कड्यावर अपघात झाला तर 999 लावून कोस्टगार्ड मागा. संध्याकाळी गुडघ्यांमागे गोचीड तपासा. बेटाच्या नोटा मात्र बेटावरच संपवा, इंग्लंडात दुकानदार सहसा घेत नाहीत.