नैराश्यावर परस्पर सायकेडेलिक द्रव्ये घेणाऱ्या जोडीदाराला सांभाळताना या चुका टाळा

सोयाबीन हातचे गेल्यावर नवऱ्याने बोलणे कमी करावे, वावरात जाणे टाळावे, आणि काही महिन्यांनी शहरातल्या मित्राकडून आलेला एलएसडी या भास घडवणाऱ्या (सायकेडेलिक) द्रव्याचा कागद किंवा सिलोसायबिन हे तसेच द्रव्य असलेली वाळलेली अळंबी घेऊन ‘आता बरे वाटते’ असे सांगावे, असा प्रसंग यवतमाळ-वाशीमकडच्या घरातही येऊ शकतो. अशा वेळी घरातले अर्धे लोक ‘व्यसनी झाला’ म्हणतात, तर उरलेले ‘बाहेरचे लागले’ म्हणून अंगाऱ्याकडे वळतात. त्या द्रव्याच्या आधीपासून घरात असलेले नैराश्य मात्र कोणालाच दिसत नाही. भांडण केवळ द्रव्यावरून झाले की माणूस ते लपवून घेऊ लागतो, आणि लपवून घेणाऱ्याजवळ गरजेच्या वेळी कोणीच नसते.

याच्या उलट चूक म्हणजे बातम्या वाचून निर्धास्त होणे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 233 रुग्णांच्या चाचणीत 25 मिलिग्रॅम सिलोसायबिनच्या एकाच मात्रेनंतर तीन आठवड्यांनी नैराश्य कमी झालेले दिसले, हे खरे आहे; परंतु तिथे मात्रा मोजलेली होती, प्रशिक्षित माणूस शेजारी बसलेला होता, आणि तरीही काही रुग्णांमध्ये आत्महत्येचे विचार नोंदले गेले. घरी आलेल्या कागदावर नेमके काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. शिवाय 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ही दोन्ही द्रव्ये भारतात बेकायदेशीर आहेत. पावसाळ्यात धुऱ्यावर उगवलेली अनोळखी अळंबी कोणी या हेतूने खाल्ली, तर ती थेट जीवघेणी ठरू शकते, कारण काही विषारी जातींत उलट्या सहा तासांहून उशिरा सुरू होतात आणि तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते.

माझ्या मते सर्वांत मोठा धोका आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांचा आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांमुळे सिलोसायबिन व एलएसडीचा परिणाम मंदावतो. मग माणूस एकतर मात्रा वाढवतो, किंवा कोणाला न विचारता गोळ्या एकदम बंद करतो आणि आजार दुप्पट जोराने उलटू शकतो. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध चालू असताना ही द्रव्ये घेतल्यास फिटचे झटके येऊ शकतात. घराण्यात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल, तर या द्रव्यांनी तसा आजार उफाळू शकतो, ही गोष्ट त्याला शांतपणे पण स्पष्ट सांगायलाच हवी.

त्याने द्रव्य घेतलेच असेल, तर त्या घटकेला उपदेश करू नये, बांधून ठेवू नये आणि गल्ली गोळा करू नये. एलएसडीचा अंमल आठ ते बारा तास राहू शकतो. तेवढा वेळ मंद उजेडाच्या खोलीत एका विश्वासू माणसाने सोबत बसावे, दारू देऊ नये, मोटारसायकलची किल्ली काढून ठेवावी आणि विहिरीकडे एकटे जाऊ देऊ नये. झटके, बेशुद्धी, अंग ताठरून आलेला तीव्र ताप, छातीत दुखणे किंवा मरणाची भाषा दिसल्यास 108 ला फोन करावा आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. अनेक घरांत भीतीपोटी हेच लपवले जाते. वास्तविक 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे.

फवारणीची औषधे कोठ्यात किंवा खाटेखाली ठेवण्याची सवय आजच मोडावी. ती कुलपात, आणि शक्य असल्यास दुसऱ्याच्या घरी ठेवावीत. अंमल उतरल्यानंतरचे निराशेचे दिवस या बाबतीत अधिक जपण्याचे असतात.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, मोफत आणि चोवीस तास बोलता येते, आणि तिथे सोबत करणाऱ्यानेही स्वतःसाठी फोन करावा. जिल्हा रुग्णालयात जाताना कोणत्या तारखेला काय घेतले, कोणत्या गोळ्या कधी बंद केल्या आणि झोप किती लागते, हे वहीच्या एका पानावर लिहून न्यावे, कारण ओपीडीच्या गर्दीत हे सगळे आठवत नाही.