पंचांग बघून अंदमान

माझं माहेर मालवणजवळचं. तिथे समुद्रावर जाणारा माणूस घड्याळाआधी तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशोब आम्हाला पाढ्यांबरोबरच शिकवला गेला. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पुढे मी शाळेत भूगोल शिकवला. आता नातेवाईक आणि शेजारीपाजारी अंदमानला निघाले की बेत आखून घ्यायला माझ्याकडे येतात. मी त्यांना पहिली गोष्ट सांगते ती हीच: विमानाचं तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा आणि तिथ्या बघा.

कोकणातला पाऊणपटीचा हिशोब अंदमानात तसाच लागू पडत नाही. तिथल्या भरतीची घटका वेगळी आहे. बाकीचे नियम मात्र तेच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खोल मागे सुकतं (ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो). अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे चढउतार कमी आणि ओढही कमी. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. एवढं डोक्यात ठेवलं तर कोणत्या बेटावर कोणत्या दिवशी काय दिसेल, याचा अर्धा अंदाज घरी बसूनच येतो.

महिना निवडताना जानेवारी ते एप्रिलचा मध्य हा काळ धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र बहुतेक शांत असतो. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो, तो ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडचा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी बोटी रद्द होण्याची तयारी ठेवावी. जमलं तर अमावास्येच्या आधीचे तीन-चार दिवस आणि नंतरचे एक-दोन दिवस सहलीत बसवा. त्याचं कारण खाली येईलच.

दुसरं गणित सूर्याचं. पोर्ट ब्लेअर (2024 पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम, लोकांच्या तोंडी अजून जुनंच आहे) मुंबईच्या जवळजवळ 20 रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे 80 मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरअखेरीस संध्याकाळी पाचला सूर्यास्त होतो. मुंबई-पुण्याच्या सवयीने नऊला नाश्ता, अकराला बाहेर आणि दुपारी वामकुक्षी असा दिवस काढलात, तर अर्धं अंदमान अंधारात जाईल. पाचला उठा, साडेपाचला किनाऱ्यावर असा. रात्री नऊला झोपलं तरी काही बिघडत नाही.

बेटं किती घ्यायची? सहा रात्री असतील तर पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील, एवढीच. (2018 मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. तिकिटावर ही नावं दिसली तर गोंधळू नका.) दोन रात्री पोर्ट ब्लेअरला, त्यातली एक अगदी शेवटची. दोन किंवा तीन हॅवलॉकला, उरलेल्या नीलला. नीलला सकाळी नेऊन दुपारी परत आणणारे बेत मी बघताक्षणी खोडते, कारण त्या बेटावर जे बघायचं ते पाणी सुकल्यावर दिसतं आणि पाणी बोटीच्या वेळापत्रकाने सुकत नाही.

पहिला दिवस सेल्युलर जेलला द्या. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून फुटलेले सात फाटे होते, आज तीन उरले आहेत. एका फाट्याच्या कोठड्यांची दारं दुसऱ्याच्या पाठीकडे येतात, त्यामुळे कैद्याला कैद्याचं तोंड दिसत नसे. सावरकर 1911 ते 1921 इथे होते आणि त्यांचे थोरले भाऊ बाबाराव त्यांच्या आधीपासून इथेच. मराठी माणसं जिना चढून थेट त्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या कोठडीपाशी जातात, नमस्कार करतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. माझी कळकळीची विनंती आहे की तेवढ्यावर थांबू नका. कैद्यांच्या नावांचे फलक वाचा. बंगालची पानंच्या पानं आहेत, पंजाबचे गदर चळवळीतले आहेत. 1933 च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोईत्रा आणि मोहनकिशोर नामदास यांनी प्राण सोडले. मुलं बरोबर असतील तर ही नावं त्यांना मोठ्याने वाचायला लावा. दोन तास तरी हवेत. संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधीच काढून ठेवा आणि हिंदी खेळ कोणत्या वेळचा आहे ते नीट बघा.

हॅवलॉकला जाणाऱ्या खासगी वेगवान बोटी दीड ते अडीच तास घेतात. सरकारी बोट स्वस्त आणि संथ असते, पण तिच्यावर डेकवर उभं राहता येतं. ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागणार. उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, बोट हलायला लागल्यावर नाही. पोटात दोन इडल्या किंवा बिस्किटं असू द्या, रिकामं पोट जास्त ढवळतं. जागा खालच्या मजल्यावर, मध्यभागी किंवा मागे मागा. मोबाइलमध्ये मान घालून बसू नका.

हॅवलॉकचा राधानगर किनारा पश्चिमेला आहे. सगळे तिथे सूर्यास्ताला जातात आणि जावंच. पण साडेतीनपर्यंत पोहोचा, म्हणजे आधी पाण्यात डुंबता येईल. मगरीच्या इशाऱ्याची पाटी कुठेही दिसली तर ती गंभीरपणे घ्या. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत, खाडीच्या तोंडाशी आणि कांदळवनाजवळ पोहू नये. पूर्वेकडचा काला पत्थर किनारा पहाटेसाठी. वाळूवर टॉवेल टाकून आडवं पडू नका. वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि आठवडाभर खाज सुटते. पायांना खोबरेल तेलाचा जाड हात फिरवून जा.

आता स्नॉर्केलिंग, म्हणजे मुखवटा आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पोहता न येणाऱ्या माणसालाही प्रवाळ स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतात आणि बहुतेकजण निव्वळ तयारी नसल्याने घाबरून दहा मिनिटांत बाहेर येतात. हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला बोटीने जातात, शक्यतो पहिल्या बोटीने जा. सकाळी वारा कमी असतो, पाणी नितळ असतं आणि गर्दी व्हायची असते. मुखवटा घेताना पट्टा न लावता तो तोंडावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर मापाचा, पडला तर दुसरा मागा. मिशा असतील तर वरच्या ओठावर व्हॅसलिन चोपडा, नाहीतर पाणी झिरपत राहतं. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थोडा बेबी शाम्पू चोळून धुवायचा. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फक्त तोंड बुडवा आणि तोंडाने सावकाश श्वास घ्या. पन्नासेक श्वास असे घ्या. छातीतली धडधड थांबली की मगच पाय उचला. मार्गदर्शकाला स्पष्ट सांगा, “भैया, जल्दी मत करना.” हिंदी तिथे सगळ्यांना येते.

बायकांसाठी एक सूचना. सुती सलवार-कमीज पाण्यात जड होते आणि पायात अडकते. पूर्ण बाह्यांचा, अंगाला बसणारा पोहण्याचा टी-शर्ट आणि लेगिंग घ्या. अंग झाकलेलं राहतं आणि पाठही भाजत नाही. आमच्या वन्सं साठी उलटल्यावर अशाच कपड्यांत पहिल्यांदा पाण्यात उतरल्या आणि बाहेर आल्यावर बराच वेळ बोलल्याच नाहीत, नुसत्या हसत होत्या.

प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका, पाय झाडू नका. तो दगड दिसतो पण जिवंत आहे आणि वाढतो फार सावकाश. 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापून इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. जे सावरले त्यांच्यावर आपला पाय पडू नये.

स्कुबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात उतरण्यासाठी, पोहता यावं लागत नाही, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. पण सर्दी असेल तर जाऊ नका. कानातला दाब नाक दाबून हवा फुंकत सोडवावा लागतो आणि चोंदलेल्या नाकाने ते होत नाही. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, तिथल्या अर्जावर ते लपवू नका. स्कुबा आणि परतीचं विमान यांत किमान 18 तास जाऊ द्या. म्हणून स्कुबा हॅवलॉकच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी.

अमावास्येचं कारण आता सांगते. अंधाऱ्या रात्री हॅवलॉकच्या कांदळवनात कयाकने, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीने, नेतात. वल्हं पाण्यात गेलं की पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात, हात फिरवला की बोटांमागून उजेडाची रेघ येते. चांदणं असलं की हे फिकं पडतं आणि पौर्णिमेला तर पैसे वाया. चंद्र उगवण्याची किंवा मावळण्याची वेळ कॅलेंडरवर बघा, अंधाराचे तास मोजा आणि त्यानुसार नाव नोंदवा.

त्याच दिवसांत नीलला मोठी सुकती मिळते. जेट्टीवर उतरल्यावर रिक्षावाल्याला भाड्याआधी विचारा, “आज पानी कब उतरेगा?” लक्ष्मणपूर दोन नंबरच्या किनाऱ्यावर जो निसर्गाने घडवलेला दगडी पूल आहे, त्याच्या पायथ्याशी जायचं ते पाणी सुकल्यावरच. पूर्ण सुकतीच्या तासभर आधी तिथे पोहोचा, म्हणजे पाणी मागे हटताना बघता येतं. खडकांतल्या डबक्यांत लहान मासे, समुद्रकाकड्या, शिंपल्यात मखमली निळा-जांभळा ओठ दाखवणारे मोठे कालव, खेकडे असं सगळं उघडं पडतं. स्थानिक वाटाड्या जरूर घ्या, त्याची नजर तयार असते. मात्र त्याने एखादा जीव उचलून तुमच्या हातावर ठेवू म्हटलं तर नको म्हणा. खडक शेवाळलेले आणि धारदार असतात. मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात, साधी रबरी चप्पल तिथे घात करते. पाणी वळायला लागलं की निघा.

सुकतीबद्दल आणखी एक गोष्ट प्रत्येकाला माहीत हवी. ओहोटी आपल्या वेळेला येते. वेळ नसताना समुद्र झपाट्याने मागे गेला किंवा जमीन जोरात हादरली, तर शंख बघायला पुढे जायचं नाही. सामान टाकून उंचावर पळायचं. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी या बेटांनी भोगली आहे. एलिफंट बीचवर त्यात उन्मळलेल्या झाडांचे बुंधे आजही दिसतात.

नीलच्या बाकी किनाऱ्यांचं थोडक्यात: पहाट सीतापूरला, ज्येष्ठांसाठी काचेच्या तळाची बोट भरतपूरला, संध्याकाळ लक्ष्मणपूर एकला. या बेटावर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं वसवली गेली आणि त्यांनी शेती फुलवली. इथली भाजी पोर्ट ब्लेअरला जाते. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये, छोट्या खानावळीत वरण, भात आणि ताजी भाजी सुरेख मिळते. मासे खाणाऱ्यांनी आज काय आलंय ते विचारून मागवावं. रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन या.

बाराटांग बेटावरची गुहा अनेक सहलींत असते. मी कुणाच्याही बेतात ती ठेवत नाही. तिथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. फोटो काढायला आणि खायला द्यायला कायद्याने बंदी आहे, तरीही गाड्यांच्या काचांना चिकटून माणसं माणसांना बघायला जातात. ते त्यांचं घर आहे. तो दिवस वाचवून वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय बेट बघा. हे बेट वर्षातले काही महिनेच उघडं असतं आणि तिथे प्लास्टिक नेऊ देत नाहीत, म्हणून स्टीलची बाटली बरोबर ठेवा.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरला मुक्काम असलाच पाहिजे. वारा सुटला की बोटी रद्द होतात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. बॅग भरताना मुलांचे खिसे तपासा. किनाऱ्यावरून उचललेले प्रवाळ आणि शिंपले विमानतळावर काढून घेतात. घरी न्यायला काही हवं असेल तर सागरिका या सरकारी दुकानातून पडौक लाकडाची लहानशी वस्तू घ्या आणि तिची पावती हातातल्या पिशवीत ठेवा.