लांबलचक रासायनिक नावं इंग्रजीत वाचताना

नाव लांब आहे म्हणून जीभ अडखळत नाही, जोड कुठे आहे ते दिसत नाही म्हणून अडखळते. इथिलीनडायअमीनटेट्राअसीटिक ॲसिड (ethylenediaminetetraacetic acid) घ्या. पाण्याचा हार्डनेस (जडपणा) काढायच्या टायट्रेशनमुळे, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजायच्या प्रयोगामुळे, ‘ईडीटीए’ सगळ्यांच्या तोंडी असतं, पण पूर्ण नाव विचारलं की वर्ग गप्प. आद्याक्षरांवर भागवायची ही सवय मला अजिबात पसंत नाही. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ती साथ देत नाही.

आधी रसायन, मग सिलॅबल (एका दमात उच्चारायचा तुकडा). रचना डोळ्यांसमोर आणा: दोन नायट्रोजन, मधे दोन कार्बनचा पूल, नायट्रोजनांवर मिळून चार असीटिक गट. नावही तेच सांगतं: इथिलीन, डायअमीन, टेट्रा, असीटिक. पेन्सिलीने इथेच उभ्या रेघा मारा.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं ते. ‘इथिलीन’ सुटं लिहिलं तर शेवटचा ई मुका असतो हे कुणालाही सांगावं लागत नाही. पण पुढे ‘डाय’ चिकटला की डोळा त्या ई-ला धरून ‘ने’ वाचतो आणि तोंडातून ‘इथिलेनेडाय’ बाहेर पडतं. पुढे अमीनच्या शेवटीही तोच सापळा, तिथे ‘मिनेटेट्रा’ होतं. लिहिलेलं सगळं उच्चारायची आपली मराठी सवय इथे आडवी येते. तुकडा सुटा असताना जो ई मुका, तो जोडल्यावरही मुकाच. आणि नेमकं उलटं टेट्रा-असीटिकमध्ये: तिथे दोन अ शेजारी आहेत आणि दोन्ही उच्चारायचे. ‘टेट्रासीटिक’ म्हटलंत की एक अ गिळलात. डायअमीनचंही ‘डायमिन’ करू नका.

ए-थि-लीन, डाय-अ-मीन, टेट्-रा, अ-सी-टिक, ॲ-सिड. 13 सिलॅबल, एवढंच. जमत नसेल तर शेवटून चढत जा: ॲसिड, असीटिक ॲसिड, टेट्राअसीटिक ॲसिड. दोनचार दिवसांत बसतं, खरंच. असीटिकमध्ये जोर ‘सी’वर, ॲसिटेटमध्ये मात्र पहिल्या ‘ॲ’वर.

‘भरभर म्हणून टाक, कुणाला कळत नाही’ असं सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. मधेच थांबवून ‘हा तुकडा रचनेत कुठे आहे?’ विचारणारा गाइड मिळाला तर त्याला सोडू नका. उच्चार ऐकवणारं ॲप चालेल, पण रेघा मारून झाल्यावरच.

बिसफिनॉल हे बिस आणि फिनॉल, ‘बाय-स्फिनॉल’ नव्हे. फिनॉल्फ्थॅलीनमध्ये फिनॉलनंतर सरळ ‘थॅलीन’ म्हटलं तरी चालतं. मिथाइल की मेथिल यावर वाद घालू नका, ब्रिटिश आणि अमेरिकन फरक आहे तो. शेवटच्या सिलॅबलला मात्र सवलत नाही: इथेन, इथीन, इथाइन ही तीन वेगळी संयुगं आहेत. शेपूट पुटपुटलात तर समोरच्याला बंध एकेरी, दुहेरी की तिहेरी, काहीच कळणार नाही.