रिव्ह्यू बॉटच्या जुन्या नियमांची झाडलोट
इथं सोलापुरात आम्ही टॉवेल-चादरवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो, टीम छोटीच, त्यामुळं पुल रिक्वेस्टवर (म्हणजे "माझा बदल मुख्य कोडात घ्या" ही विनंती, थोडक्यात पीआर) पहिली नजर कोड तपासणाऱ्या बॉटचीच असते. आपण कमेंटमध्ये "असं नको, तसं कर" म्हणलं की तो ते लक्षात ठेवतो, कोडरॅबिट नावाच्या अशा एआय बॉटमध्ये याला लर्निंग्ज म्हणतात. गंमत अशी की कुणीतरी घाईत सांगितलेलं पण तो वर्षानुवर्षं धरून बसतो.

आमच्याकडं एक नियम होता, तारखांसाठी मोमेंट जेएस ही लायब्ररी (आयता कोड) वापरा. आता मोमेंटवाल्यांनीच 2020 मध्ये सांगितलंय की नवीन प्रोजेक्टला हे घेऊ नका, आम्ही पण डे जेएस या दुसऱ्या लायब्ररीवर आलो, पण बॉट आपला प्रत्येक पीआरवर जुनंच तुणतुणं वाजवतोय आणि नवीन पोरं बिचारी त्याचं ऐकून कोड उलटा फिरवतायत!

म्हणून महिन्यातनं एकदा बॉटच्या डॅशबोर्डवर या नियमांची यादी उघडा. लायब्ररी किंवा व्हर्जनचं नाव असलेले नियम आधी बघा, तेच लवकर शिळे होतात. एकमेकांच्या विरुद्ध असलेल्यातला एक उडवा. "इथं चालेल" असं एका फाइलपुरतं म्हणलेलं सगळ्या रेपोला (प्रोजेक्टच्या पूर्ण कोडला) लागलंय का बघा, हा लई त्रास देतो. आणि नियम लिहिताना कारण पण लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी डिलीट करायचा धीरच होत नाही.

पक्के नियम मात्र रेपोतल्या फाइलमध्येच ठेवा, गिटहबच्या कोपायलट या एआय टूललाही तशी इन्स्ट्रक्शन फाइल देता येते, मग कोणी कधी काय बदललं ते गिटमध्येच, म्हणजे कोडातल्या बदलांच्या नोंदीत, दिसतं.