धिंगरी मशरूम वाळवताय? या चुका टाळा

वाळवलेल्या धिंगरीला बुरशी लागली की दोष उन्हाला नाहीतर ड्रायरला दिला जातो. पण बहुतेक वेळा माल बिघडतो तो वाळवणीच्या अगदी शेवटी आणि डबा भरताना.

ताज्या धिंगरीत सुमारे 90 टक्के पाणी असतं. म्हणजे किलोभर मशरूममध्ये कोरडा माल फक्त 100 ग्रॅम. 10 टक्के ओलावा उरेपर्यंत वाळवला तर काट्यावर साधारण 110 ग्रॅम भरायला हवेत. 150 भरले तर त्यात अजून एक तृतीयांश पाणी आहे आणि असा माल टिकत नाही. म्हणून ताजं वजन लिहून ठेवा. बहुतेकजण हे करत नाहीत, हाताला कोरडं लागलं की झालं म्हणतात.

हाताचा अंदाज फसतो तो देठापाशी. छत्रीची कड पापडासारखी होते, पण देठाचा बुडखा आतून चिवटच असतो. तपासायचा तो देठच: वाकवल्यावर कट्‌कन तुटला पाहिजे. नुसता वाकला, चामड्यासारखा ताणला गेला, तर परत ट्रेमध्ये. त्यापेक्षा आधीच जाड देठ कापून वेगळे वाळवावेत, मोठ्या छत्र्या हातानेच उभ्या फाडाव्यात. बुडाला चिकटलेला भुसा चाकूने खरवडून टाका, धुऊ नका. काढणीच्या आदल्या संध्याकाळपासून बेडवर, म्हणजे मशरूम उगवतात त्या भुशाच्या पिशवीवर, पाणी मारणंही थांबवा, नाहीतर तेच पाणी उडवायला वीज जाळावी लागते.

घाईपायी सुरुवातीलाच 70 अंश लावणारे बरेच आहेत. ओला माल त्या उष्णतेत वाळण्याऐवजी शिजतो, तपकिरी पडतो. शिवाय वरची कातडी आधी कडक होऊन आतलं पाणी अडकतं. 45 अंशांवर सुरू करा, पृष्ठभाग कोरडा झाला की 55 पर्यंत न्या. ट्रेमध्ये एकच थर, आणि वाफ बाहेर जायला वाट.

उन्हात वाळवणाऱ्यांनी हिवाळा-उन्हाळा साधावा. वर पातळ सुती कापड घाला, नाहीतर माश्या बसतात. संध्याकाळी ताट घरात घ्या, रात्रीच्या दवात दिवसभराची मेहनत वाया जाते. उन्हाचा एक फायदा मात्र ड्रायरला नाही: मशरूममधल्या एर्गोस्टेरॉल या घटकाचं अतिनील किरणांमुळे ड२ जीवनसत्त्व होतं. त्यासाठी छत्रीची खालची, झालरीची बाजू वर करून ठेवावी. कोकणात जुलैमध्ये उन्हाच्या भरवशावर धिंगरी पसरणं म्हणजे निव्वळ हौस. तेव्हा ड्रायरच हवा.

आता डबा. गरम माल लगेच भरला की वाफ झाकणाला जमते आणि थेंब पुन्हा मालावर पडतात. पण गार करायला रात्रभर उघडा ठेवला तर वाळलेली धिंगरी हवेतला ओलावा शोषून मऊ पडते. पूर्ण गार झाली की लगेच भरायची. मग आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवून रोज हलवायची. काचेवर आतून धूसर दिसलं किंवा तुकडे एकमेकांना चिकटले तर पुन्हा ड्रायर. बुरशी दिसली असेल तर मात्र पुसून, पुन्हा वाळवून वापरू नका, तो माल फेकायचाच.

किराण्याच्या पातळ पिशवीत साठवू नका, तिच्यातून हळूहळू दमट हवा शिरते. घट्ट झाकणाची काचेची बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवा. सिलिका जेल टाकायचं तर खाद्यपदार्थांसाठीची बंद पुडीच. जुन्या निळ्या खड्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते अन्नाजवळ नको. एका मोठ्या बरणीऐवजी चार छोट्या भरा, म्हणजे पावसाळ्यात रोज सगळा माल उघडा पडत नाही. फ्रीजमधून काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. पावडर तर लागेल तेवढीच दळा, तिच्याच सगळ्यात आधी गाठी होतात.

आणि रानातून आणलेल्या अनोळखी अळंब्या वाळवल्या म्हणून निर्धोक होत नाहीत. अ‍ॅमॅनिटासारख्या काही जातींचं जीवघेणं विष वाळवूनही जात नाही, उकळूनही जात नाही.