तत्त्वज्ञ आणि लेखकांचा व्यक्तिमत्त्व-प्रकार कसा ठरवावा

सगळे तत्त्वज्ञ अंतर्मुख आणि विचारप्रधान, सगळे कवी अंतर्मुख आणि भावनाप्रधान. अशा याद्या इंटरनेटवर ढिगाने सापडतात आणि बहुतेक एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. ज्या वर्गीकरणात सगळे तत्त्वज्ञ एकाच खणात पडतात, त्याने कुणाबद्दलच काही सांगितलेलं नसतं. तत्त्वज्ञ अमूर्त विचार करतो ही काही माहिती नव्हे, तो त्याचा धंदाच आहे. एका तत्त्वज्ञाला दुसऱ्यापासून वेगळं काय करतं हे कळलं, तरच या खटाटोपाला अर्थ. आणि ते कळू शकतं. पुरावा मात्र पारखून घ्यावा लागतो.

पद्धत एकच निवडा

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडलेली पद्धत घ्या, असं माझं ठाम मत आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन वृत्ती. विचार, भावना, संवेदन (इंद्रियांनी जाणणं) आणि अंतःप्रज्ञा (आतून एकदम उमगणं) ही मनाची चार कार्यं, त्यांतलं एक प्रमुख. मिळून आठ प्रकार. मायर्स-ब्रिग्ज या चाचणीने त्यात आणखी एक जोडी घालून सोळा केले. पंचघटक (बिग फाइव्ह) पद्धतीत तर प्रकारच नसतात, पाच मोजपट्ट्या असतात. सोशिओनिक्स या आणखी एका पद्धतीत प्रकारांनाच बाल्झाक, दोस्तोयेव्स्की, हक्सली अशी नावं दिली आहेत, म्हणून लेखकांसाठी ती वापरूच नका. बाल्झाक ‘बाल्झाक’ प्रकारात बसतो का, हे तपासायला बसलात तर निकाल आधीच लागलेला असतो.

दोन शब्द मात्र युंगच्याच अर्थाने घ्या. त्याच्या लेखी बहिर्मुख म्हणजे गप्पिष्ट नव्हे. मन आपलं प्रमाण कुठून घेतं, बाहेरच्या वस्तूकडून की स्वतःच्या आतून, हा त्याचा प्रश्न आहे. त्याने स्वतःच एक जोडी दिली आहे: डार्विन बहिर्मुख विचारप्रकाराचा, तत्त्वज्ञ कांट अंतर्मुख विचारप्रकाराचा. कांट दुपारच्या जेवणाला पाहुणे बोलवायचा आणि टेबलावर मनमुराद गप्पा मारायचा, म्हणून युंग चुकला असं सांगणारे भेटतात. त्यांनी युंग वाचलेला नसतो. तसंच भावना म्हणजे भावुकपणा नव्हे. एखादी गोष्ट मोलाची आहे की नाही, हे ठरवणारं ते कार्य आहे.

माणूस निवडा

ओळखीच्या निदान तीन माणसांनी एकमेकांवर न विसंबता ज्याच्याबद्दल लिहिलं आहे, असाच घ्या. सॉक्रेटिस नको. ॲरिस्टोफेनिसचा, प्लेटोचा आणि झेनोफनचा असे तीन वेगळे सॉक्रेटिस आहेत. प्रकार ठरेल तो त्यांना रंगवणाऱ्याच्या लेखणीचा.

पुरावा वेगळा काढा

हा टप्पा मला सर्वांत जड गेला, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. अडचण अशी, की लेखकाबद्दल सर्वांत जास्त हाताशी असतं ते त्याचं पुस्तक, आणि प्रकार ठरवायला सर्वांत निरुपयोगी तेच. पुस्तक हा माणसाने घडवलेला आवाज असतो. तो त्याच्या स्वभावातून आलेला असेल, स्वभावाच्या उलटही असेल. नुसतं पुस्तक वाचून यातलं काय खरं ते कळत नाही.

डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगॉरने हे स्वतःच सांगून ठेवलं आहे. १८४३ मध्ये त्याने ‘आयदर/ऑर’ व्हिक्टर एरेमिटा या टोपणनावाने काढलं. त्यात एक रसिक तरुण आणि एक विवाहित न्यायाधीश परस्परविरोधी बाजू मांडतात. पुढे १८४६ मध्ये त्याने जाहीर केलं, की टोपणनावांच्या पुस्तकांत माझा एकही शब्द नाही, उद्धृत करायचं तर त्या त्या नावाने करा. तरीही लोक त्या रसिक तरुणाची वाक्यं उचलतात आणि त्यावरून किर्केगॉरचा प्रकार जाहीर करतात! असं करू नका. आणखी एक: त्याने नंतर लिहिलं आहे, की त्या काळात कामात बुडालेला असतानाही तो थोड्या वेळापुरता नाट्यगृहात दिसून यायचा, लोकांनी आपल्याला रिकामटेकडा समजावं म्हणून. म्हणजे ‘तो सारखा बाहेर दिसायचा’ ही साक्षसुद्धा कधी कधी त्याने मुद्दाम पेरलेली असते.

काफ्काचंही तेच. कथा वाचून लोक घाबरलेला, जगापासून तुटलेला माणूस उभा करतात. तोच काफ्का १९०८ ते १९२२ प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता, रंधा यंत्रावरच्या अपघातांबद्दल नेमके, व्यवहारी अहवाल लिहीत होता आणि बढत्या घेत होता. ‘द ट्रायल’चं पहिलं प्रकरण मित्रांना वाचून दाखवताना सगळे हसत होते आणि तो स्वतःही हसत होता, असं त्याचा मित्र माक्स ब्रोडने लिहिलं आहे. कथेतला काफ्का आणि अहवालातला काफ्का दोन्ही समोर ठेवूनच प्रकाराबद्दल बोला.

मग धरायचं काय? सर्वांत वर काम करण्याची रीत. कांटने १७७० नंतर जवळजवळ अकरा वर्षं फारसं काही छापलं नाही, आणि मग त्याच्याच सांगण्याप्रमाणे चार-पाच महिन्यांत ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ कागदावर उतरवली. बाल्झाक छापखान्यातून आलेल्या प्रुफांवरच पुन्हा पुन्हा कादंबरी लिहायचा. एकाची रचना आत पूर्ण होते, दुसऱ्याला मजकूर डोळ्यांसमोर छापून आल्याशिवाय पुढचं सुचत नाही. असा फरक पुस्तकाच्या विषयावरून कधीच हाती लागत नाही.

त्याखालोखाल निर्णय. इथे निर्णयाची मांडणी बघू नका, पारडं कशाने झुकलं ते बघा. डार्विनने १८३८ मध्ये लग्न करावं की नाही यावर कागदाचे दोन रकाने आखून फायदे-तोटे लिहिले. एवढ्यावर त्याला शुद्ध विचारप्रधान ठरवून लोक मोकळे होतात. कागद पूर्ण वाचा. आयुष्यभर नुसतं काम करत राहायचं ही कल्पनाच असह्य आहे असं तो लिहितो, शेकोटीजवळ सोफ्यावर बसलेली बायको डोळ्यांपुढे आणतो, आणि तिथे निर्णय होतो. रकाने विचाराचे, कौल भावनेचा. युंगने दिलेला प्रकार यामुळे लगेच खोटा ठरत नाही, पण प्रमुख कार्याखालोखाल दुसऱ्या क्रमांकाचं कार्य कोणतं हा प्रश्न इथे उभा राहतो, आणि तो प्रश्न प्रकाराच्या नावापेक्षा मोलाचा आहे.

पत्रं त्यानंतर. प्रत्येक पत्र कुणाला लिहिलंय ते आधी पाहा. प्रेयसीला, वरिष्ठाला आणि प्रकाशकाला लिहिताना माणूस तीन सुरांत बोलतो. तिन्हींत जे सारखं राहतं तेवढंच टिपा. आत्मचरित्र पत्रांच्याही खाली, कारण ते माणसाला स्वतःबद्दल जे पटवून द्यायचं असतं त्याचं पुस्तक असतं.

ऐकीव दंतकथा अजिबात नको. कांटच्या फेरफटक्यावर लोक घड्याळं लावायचे, हे चित्र जर्मन कवी हायनेने रंगवून लोकप्रिय केलं. कांट वारला तेव्हा हायने सहा वर्षांचा होता. तरुण कांट पत्ते आणि बिलियर्ड्स खेळायचा आणि शिक्षक म्हणून त्याचा विद्यार्थी हर्डर याला तो प्रसन्न, खेळकर वाटला होता. काटेकोर दिनक्रम उतरत्या वयातला आहे. म्हणून प्रत्येक पुराव्यापुढे वर्ष लिहा.

शेवटी धंदा वजा करा. समोरच्या माणसाची तुलना सर्वसाधारण माणसाशी नको, त्याच्याच पेशातल्या दुसऱ्याशी करा. ह्यूम आणि कांट हे दोघेही तत्त्वज्ञ तर्क करतात, ते खोडून टाका. उरेल तो फरक कामाचा.

निकाल लिहा

एका वाक्यात. खाली विरोधी पुरावा लगेच नोंदवा. डार्विन हेच करायचा, कारण प्रतिकूल गोष्टी लवकर विसरतात हे त्याला माहीत होतं.

आता ग्रंथ उघडा

पुरावा म्हणून बाजूला ठेवलेलं पुस्तक आता तपासणीसाठी घ्या. समजा पत्रांवरून आणि मित्रांच्या आठवणींवरून तुम्ही ह्यूमला बहिर्मुख धरलंत. त्याच्या ‘ट्रीटिज’ या ग्रंथाच्या १७३९ मध्ये आलेल्या पहिल्या भागाचा शेवट वाचा. संशयाने तो पार हताश झाला आहे. मग तो जेवतो, बॅकगॅमन खेळतो, मित्रांशी गप्पा मारतो आणि तीन-चार तासांनी परत येतो, तेव्हा तेच विचार त्याला थंड आणि ओढूनताणून आणलेले वाटतात. प्रकार मनात नसेल तर हा परिच्छेद नुसती विश्रांती वाटतो. मनात असेल तर तो युक्तिवादाचाच भाग दिसू लागतो: बुद्धी जी शंका मिटवू शकत नाही ती बाहेरचं जग मिटवतं, असं ह्यूम खरोखर मानतो आहे. लगेच कांट काढा आणि शोधा, की जेवणाच्या टेबलाला ग्रंथातला प्रश्न सोडवण्याची मुभा त्याने कुठे दिली आहे का.