पॉवर विंडोची काच वर येत नसेल तर

पावसाच्या तोंडावर काच खालीच अडकली की आधी कान द्या: इग्निशन चालू ठेवून बटण ओढल्यावर दारातून मोटरचा आवाज येतो का?

१. आवाज नसेल तर फ्यूज पाहा. तो शाबूत असेल तर बटण ‘वर’ धरून दाराच्या आतल्या पॅडवर मुठीने हलके ठोके द्या. मोटरचे ब्रश (तिला आतून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) अडकले असतील तर बऱ्याचदा ती एवढ्यानेच फिरते.

२. आवाज येतोय, पण काच ढिम्म? एकाने बटण धरावं, दुसऱ्याने काच आतून-बाहेरून दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून सरळ वर सरकवावी. खाली घसरायला लागली तर रुंद चिकटपट्टी छतापर्यंत लावा.

वरच्या कडेवर बोटं मुळीच ठेवू नका, मोटर अचानक चालू होते. आणि गॅरेज गाठेपर्यंत त्या बटणाला हात लावू नका.